डिशसमोरचं झाड

माझ्या दोघा नातवंडांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, तुझ्यामागे एवढं ऊन कसं गं? झाड कुठे गेलं?" मी म्हटलं, रेंज जाते आहे, आणि फोन ठेवून दिला. रेंज गेली नव्हती. घरात ती मिळत नाही हे खरं आहे, पण मागच्या दारात नेहमी मिळते आणि त्या दिवशीही मिळत होती. त्याआधी तुमच्याशी मी कधी खोटं बोललेली नाही, म्हणून हे लिहायला बसले. दिवाळीत तुम्ही याल, मागचं दार उघडाल आणि स्वतःच पाहाल. त्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी फार नीटनेटकं लिहिते. मोहाडीच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञानाबरोबर तोही विषय शिकवल्याचा तो परिणाम आहे. झालेली गोष्ट नीटनेटकी नाही. म्हणून मराठीत लिहिते. अडलं तर आईला विचारा.

गेल्या हिवाळ्यात आजोबांना लकवा झाला, उजवी बाजू आणि वाचा गेली, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी मला चित्रं दाखवून शब्द म्हणून घ्यायला सांगितलं होतं. मी वेळापत्रक केलं. सकाळी दहा ते साडेदहा, दुपारी चार ते साडेचार. पाणी. भात. डोळा. दार. मी चित्र धरायची, शब्द म्हणायची आणि थांबायची. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. होळी झाली, उन्हं तापली, एक शब्द आला नाही.

मग संध्याकाळचे क्रिकेटचे सामने सुरू झाले. मी खाटेजवळ खाली बसून भाजी निवडत होते. टीव्हीत कुणाच्या तरी पायाला चेंडू लागला, खेळाडू ओरडले, पंच विचार करत उभा राहिला, आणि खाटेवरून आवाज आला, "आऊट."

मी वर पाहिलं. आजोबांच्या डाव्या हाताचं बोट वर होतं. टीव्हीतल्या पंचाने त्यानंतर बोट वर केलं.

तरुणपणी आजोबा गावच्या टेनिस-बॉलच्या सामन्यांत अंपायर असत. शेतं कापून झाली की बांध्यांतच, म्हणजे धानाच्या रिकाम्या खाचरांतच, सामने होत, आणि गावागावांत भांडणं पेटत, पण यांनी बोट वर केलं की फलंदाज मुकाट्याने बॅट बगलेत मारून चालू लागे. तो माणूस त्या संध्याकाळी खाटेवर परत आला होता. पुढच्या आठवड्यांत "नॉट आऊट" आलं, "वाईड" आलं, "चार" आलं. मी वहीत यादी ठेवली. मे महिन्यात दोन डावांच्या मधल्या वेळात ते "चहा" म्हणाले. क्रिकेटबाहेरचा तो पहिला शब्द. आणि एकदा मी केरसुणी घेऊन टीव्हीसमोरून जात होते तर म्हणाले, "हट!" इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांनी असं तोडून कधी म्हटलं नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन आनंदाने रडले.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. आता रोज चालू ठेवा. जुने सामने लागले तरी दाखवा. खंड पडू देऊ नका. खंड पडला तर परत येईलच असं मी सांगू शकणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुढे जे केलं ते या वाक्यासाठी केलं.

आपल्या घरावर कवेलू, म्हणजे कौलं, म्हणून डिश न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवलेली होती. पण उन्हाळ्यात वानरं येतात. एक मोठं वानर त्या डिशला टेकून बसायचं, आणि ते उठलं की सामना गेलेला असायचा. म्हणून मेमध्ये मी डिश खाली घेतली आणि मागच्या वाडीत लोखंडी पाइप रोवून त्यावर बसवली. पाइप शेजारच्या मांडववाल्याने रोवला. लग्नाचे मांडव घालणं हा त्याचा धंदा. हातभर खड्डा, भोवती दगड, माती, आणि पहारीने ठोकून घट्ट.

मी विचारलं, "सिमेंट नको का घालायला?"

"सिमेंट कायले पायजे काकूजी? माह्या मांडवात पाच-पाच दिवस लोकं नाचतेत, एक मेढ हालत नाही. हत्ती बांधा याले, हत्ती!"

मेमधली माती दगडासारखी होती. मी पाइप दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हलला नाही. डिशवाल्या मेकॅनिकने येऊन दिशा लावून दिली, चित्र आलं, आणि वानरं खाली उतरेनात. माझी व्यवस्था मला फार पसंत पडली.

जूनच्या मध्यापासून चित्र थांबू लागलं. आधी पाऊस आला की. ते साहजिक होतं. मग वारा आला की. मग उघडीप असली तरी. चौकोन चौकोन होत चित्र गोठायचं, आवाज तुटायचा, आणि निळ्या पडद्यावर सिग्नल नसल्याची सूचना यायची. आजोबा पडद्याकडे बघत बसायचे. पहिले काही दिवस त्यांनी त्या निळ्या पडद्यालाही "नॉट आऊट" म्हटलं.

मी पद्धतशीर शोध घेतला. बॉक्स बंद करून चालू केला. वायरीची दोन्ही टोकं काढून पुसून बसवली. बॉक्समध्ये सिग्नलचे दोन पट्टे दिसतात, एक ताकदीचा आणि एक गुणवत्तेचा. ताकद ठीक होती. गुणवत्ता मेमध्ये सत्तरच्या वर होती, ती चाळीसवर आली, मग वीसवर. मी दिवसातून तीनदा आकडा लिहून घेऊ लागले. शेजारच्या रकान्यात ऊन, पाऊस, वारा. वारा सुटला की आकडा नाचायचा, हे मला त्या रकान्यातूनच कळलं. आणि मी मागच्या दारातून पाहिलं तर वाऱ्याने डिशसमोरच्या मोहाच्या झाडाची फांदी न् फांदी हलत होती.

मेमध्ये त्या झाडाला पालवी नुकती फुटलेली होती, तांबूस आणि विरळ. आता ते हिरवंगार आणि दाट झालं होतं. पानं वाढत गेली आणि आकडा उतरत गेला. वहीत दोन्ही गोष्टी समोरासमोर होत्या. मुलांना मी हेच शिकवलं होतं, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, आमचं रोवणं सुरू हाये. आज बाया भेटल्या त उद्या भेटत नाही. आठ दिवस दम धरा." आठ दिवसांनी म्हणाला, पावसाने उघाड दिली, पाणी नाही, पाणी आलं की रोवणं संपवतो. त्याला दोष कसा देऊ? धानाच्या लावणीच्या त्या दिवसांत आपल्याकडे सगळ्यांचे पाय चिखलात असतात. कंपनीच्या क्रमांकावर एक मुलगी बोलली. तिने विचारलं, "डिशच्या समोर झाड आहे का?" मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, "मग तेच असेल."

थोरल्या, आता तुझ्याविषयी लिहावं लागेल. तू म्हणालास, डिशचा फोटो पाठव. मी पाठवला. तू त्यावर लाल गोल काढून परत पाठवलास. गोल मोहाच्या झाडाभोवती होता आणि खाली लिहिलं होतं, आजी, डिश सरळ झाडात बघते आहे. फोटोत तसंच दिसत होतं. माझ्या वहीतही तेच होतं. तू मला नवीन काही सांगितलं नाहीस, हे तुला पुढचं वाचताना आठवू दे.

दरम्यान शब्द जात होते. ज्या क्रमाने आले त्याच्या उलट. "हट" गेला. "चहा" गेला. मोबाइलवर सामना दाखवायचा प्रयत्न केला, पण खाटेपर्यंत रेंज येत नाही आणि एवढ्याशा पडद्यावर त्यांना काही दिसत नाही. त्यांनी फोन डाव्या हाताने ढकलून दिला. शेजाऱ्यांची डिश घरापुढे आहे, समोर झाड नाही, चित्र स्वच्छ. एकदा गावातल्या दोघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना तिकडे नेलं. तिथे बसल्या बसल्या त्यांचं धोतर ओलं झालं. आजोबा घरी येईपर्यंत डोळे मिटून होते. पुन्हा न्यायचं नाव काढलं की खाटेची कड धरून ठेवायचे.

मग मी स्वतः वर्तमानपत्रातला धावफलक घेऊन समालोचन केलं. हसा तुम्ही. खाटेसमोर उभी राहून, जुन्या रेडिओवाल्यांसारखा आवाज काढून, "गोलंदाज धावत येतो आहे… आणि त्रिफळा उडाला!" आजोबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, आणि मग तोंड भिंतीकडे केलं.

त्या दुपारी मी मांडववाल्याला बोलावलं.

"मोह तोडायचा आहे."

तो झाडाकडे न बघता माझ्याकडेच बघू लागला. "हिरवा मोह मी नाही तोडत जी. माह्या मांडवाले पयली फांदी मोहाचीच लागते. उद्या कोन्या तोंडानं तोडाले जाऊ?"

त्याची म्हातारी आई कुंपणाजवळ उभी होती. दर चैत्रात ती पहाटे येऊन आपल्या झाडाखालची जागा झाडायची आणि टोपलीभर मोहफुलं वेचून न्यायची. ते झाड आपल्या जागेत होतं, पण फुलं तिची, हे मी सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून ठरलेलं होतं.

"बाई, टीव्हीसाठी झाड तोडून राहिल्या तुमी?"

"टीव्हीसाठी नाही. यांच्या वाचेसाठी."

"मंग मी येऊन बसतो ना रोज, गोठी सांगाले. मायं तोंड बंद होत नाही म्हनून हा पोरगा बोंबलतेच."

पोरगा म्हणाला, "ते खरं हाये. मुक्याले बोलता करन, पन वैतागून."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, त्यांना क्रिकेट लागतं. म्हातारी म्हणाली, "मले क्रिकेट नाही येत, बाई," आणि आत गेली.

मी मांडववाल्याला शब्द दिला की फक्त डिशसमोरच्या फांद्या. तो तयार झाला. त्याने तीन फांद्या उतरवल्या. मी घरात येऊन आकडा पाहिला. आधी चौदा होता. चौदाच होता.

इथे मी थांबायला हवं होतं. ज्या मुलाने प्रयोगाच्या वहीत असा आकडा लिहून पुढे "म्हणून झाडच कारण" असं लिहिलं असतं, त्याला मी उभं केलं असतं. मी स्वतः लिहिलं, "फांद्या अपुऱ्या." दुसऱ्या दिवशी आणखी चार उतरवल्या. चौदा. मांडववाला म्हणाला, "काकूजी, झाडाचा काही दोष दिसत नाही मले." मी म्हटलं, "तू डिशचं सांगू नकोस." त्यानेच रोवलेल्या पाइपाकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. तो पाइप मेमध्ये मी दोन्ही हातांनी हलवून पाहिलेला होता ना.

तिसऱ्या दिवशी आजोबा "आऊट"सुद्धा म्हणाले नाहीत; तोवर तेवढा एकच शब्द उरला होता. मी बोट वर करून दाखवलं. त्यांनी माझं बोट पाहिलं, ती कशाची खूण आहे ते त्यांना कळलं नाही. मी घाबरले. तुम्हाला एवढंच सांगते, मी आयुष्यात कधी इतकी घाबरले नव्हते.

मोह तोडायला परवानगी लागते. मी साध्या रजेचाही अर्ज दोन प्रतींत करणारी बाई. मी अर्ज केला नाही. मांडववाल्याने बुंध्याला हात लावला नाही, म्हणून बपेरा गावाकडून दोन माणसं आणवली. त्यांनी सकाळी सुरुवात केली. खाटेवर आजोबांना घाव ऐकू येत होते, आणि प्रत्येक घावाला त्यांची पापणी हलत होती. त्यांना मी काय चाललं आहे ते सांगितलं. कळलं की नाही, माहीत नाही. दुपारी झाड पडलं तेव्हा कवेलूंवरची धूळ खाली आली आणि घरात इतका उजेड झाला की मला घर ओळखू येईना.

मी बॉक्स लावला. तेरा.

श्रावण अर्धा झाल्यावर मेकॅनिक आला. मागच्या दारातून बाहेर पडला आणि थबकला.

"झाड काहून तोडलं मावशी?"

"डिशच्या समोर होतं."

"कोनं सांगतलं?"

तो डिशजवळ गेला, पाइपाला हात लावला आणि नुसता धरून उभा राहिला. मग हलवला. पाइप ओल्या मातीत असा हलला जसा पडायला आलेला दात हलतो. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तो दोन महिने हलत होता, आणि एका बाजूला दोन बोटं कलला होता. दोन बोटं. शेजारी उभं राहून पाहिलं तरी सरळच वाटावा इतका.

"मांडवाची मेढ रोवली तुमी," तो म्हणाला. "मांडव उन्हाळ्यातच राहते मावशी. पानी लागलं का माती सोडते."

मी विचारलं, "पण डिश झाडाकडेच बघत होती ना?"

तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि स्क्रू ड्रायव्हर वर धरून त्याने आकाशातली एक जागा दाखवली. मान चांगलीच मागे टाकावी लागली. "ते तिकडं पायते. या डिशचं तोंड दिसते एकीकडं आन् नजर असते त्याच्याहून लई वर. तुमचा मोह ते कुठल्या कुठं सोडून जाये. त्या जागी एखांदी घारच आडवी आली त आली."

मग त्याने पाइप सरळ ओढून दगडांची पाचर मारली, नट सैल करून डिश जराशी फिरवली, आणि मला आत जाऊन बघायला सांगितलं. शहात्तर. चहा होण्याइतकाही वेळ लागला नाही. सिमेंट दुसऱ्या दिवशी भरलं.

त्या संध्याकाळी सामना होता. मी आजोबांना उशी लावून बसवलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की गवताचं पातं न् पातं दिसत होतं. मी टीव्हीकडे पाहत नव्हते, त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होते. गोंगाट झाला, पंचाने बोट वर केलं, पुन्हापुन्हा तेच दृश्य दाखवलं. हात चादरीवर होता. मी म्हटलं, "आऊट?" त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, ओळखीच्या पण नाव न आठवणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसं, आणि मग पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

तेव्हापासून मी रोज लावते आहे. जुने सामनेही लावते. डॉक्टर म्हणाले, मधल्या काळात एखादा छोटा झटका येऊन गेला असेल, तसं होतं, सामने चालू असते तरी शब्द गेलेच असते. कदाचित खरं असेल. मला बरं वाटावं म्हणूनही म्हणाले असतील. त्यांना मी पाइपाचं सांगितलेलं नाही. आकडा चौदाच राहिला त्या दिवशी थांबून मी पाइपाला हात लावला असता, तर टीव्ही तीन आठवडे आधी लागला असता. तेवढ्याने काय झालं असतं, हे मला कधीही कळणार नाही, आणि मी त्याचा विचार करणं थांबवू शकत नाही.

थोरल्या, तू लाल गोल काढलास, पण "तोडा" हा शब्द माझा होता. हे तू मोठा झाल्यावरही स्वतःकडे घेऊ नकोस. शेजारची म्हातारी माझ्याशी बोलते, पण कुंपणाच्या तिकडूनच. चैत्रात ती कुठे जाईल, हे मी तिला विचारलेलं नाही.

तुम्ही याल तेव्हा वाडीत ऊन असेल. आजोबा तुमच्याशी बोलणार नाहीत, आणि तुम्ही त्यांना बोलतं करायचा प्रयत्न करू नका, मी आता करत नाही. ते दोन्ही वेळा पोटभर जेवतात. आंबट झालेलं वरण अजून त्यांच्या लक्षात येतं आणि ते तोंड फिरवतात. त्यांच्या डाव्या हाताला ताकद आहे, आणि रात्री चादर ओढून घ्यायला त्यांना माझी मदत लागत नाही.